सोन्नलिगेचा तलाव आणि सिद्धरामेश्वर

संक्रांत जवळ आली की सोलापूरचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, त्याचे मन होम मैदानाकडे धाव घेते. गड्ड्याची यात्रा भरते, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच नंदीध्वज तोलत निघतात आणि हिरेहब्बू वाड्यापासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंतचा रस्ता माणसांनी फुलून जातो. या साऱ्या सोहळ्याच्या मध्यभागी एक तलाव आहे. भुईकोट किल्ल्याच्या तटाला लागून पसरलेले हे पाणी आणि त्या पाण्याने वेढलेले मंदिर ही सोलापूरची ओळख. पाहुणा आला की त्याला आधी येथेच आणले जाते. चादरींची दुकाने त्यानंतर.

हा तलाव किल्ल्याहून जुना आहे. गिरण्यांचे भोंगे, नगरपालिका, रेल्वे यांच्याहून तर तो कितीतरी शतकांनी वडील. कोणा राजाने आपल्या कीर्तीसाठी तो खोदवला नाही आणि कोणा सावकाराने पुण्यसंचयासाठी तो बांधून अर्पण केला नाही. बाराव्या शतकात सोन्नलिगे नावाच्या लहानशा गावातल्या एका तरुणाने गावकऱ्यांच्या आणि भक्तांच्या हाती कुदळ-पाट्या देऊन तो उभा केला. त्या तरुणाला सोलापूर आज ग्रामदैवत म्हणून पूजते. सिद्धरामेश्वरांचे देवपण घराघरांत रुजले. मात्र त्यांनी एक गाव कसे वसवले आणि सार्वजनिक कामाची घडी कशी बसवली, याची आठवण त्या मानाने पुसट झाली.

सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, अशी एक व्युत्पत्ती शाळेपासून ऐकवली जाते. अभ्यासकांना ती फारशी मान्य नाही. किल्ल्यातल्या एका शिलालेखात गावाचे नाव सोनलपूर आहे, तेथल्या विहिरीवरील लेखात संदलपूर आहे, आणि कन्नड साहित्यात ते सातत्याने सोन्नलिगे असे येते. सोन्नलिगेचे सोनलपूर आणि सोनलपूरचे सोलापूर, हा प्रवास अधिक सरळ दिसतो. हा सारा मुलूख तेव्हा कल्याणच्या चालुक्यांचा. त्यांची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या बाजूला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचे मंगळवेढे हे चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कलचुरींचे ठाणे. बाराव्या शतकाच्या मध्याला याच कलचुरी घराण्यातल्या बिज्जलाने चालुक्यांची सत्ता बळकावली. सोन्नलिगे या दोन सत्ताकेंद्रांच्या मधल्या वाटेवर होते. व्यापारी तांडे, सैन्याच्या तुकड्या, यात्रेकरू आणि साधू यांची वर्दळ तेथे असणार, पण स्वतः गाव मात्र कोरडवाहू शेतीवर जगणारे, साधेच होते.

अशा गावात मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी या शेतकरी दांपत्याच्या पोटी सिद्धराम जन्मले. चरित्रकार सांगतात की रेवणसिद्ध गावात आले, त्यांनी सुग्गलादेवीसमोर मस्तक नमवले आणि तिच्या पोटी मोठा योगी जन्म घेईल असे भाकीत केले. सोलापुरातले रेवणसिद्धेश्वराचे मंदिर त्या नात्याची आठवण आजही जागी ठेवते. मूल जन्मले खरे, पण ते इतर मुलांसारखे नव्हते. ते बोलत नसे, खेळत नसे, आपल्यातच हरवलेले असे. घरच्यांनी काळजी केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मुलाला मंदबुद्धी ठरवले. अखेर त्याला गुरांमागे शेतात धाडण्यात आले. असल्या मुलांचे खेड्यात दुसरे काय करतात?

येथून पुढची कथा सोलापूर परिसरात आजीच्या तोंडून ऐकलेली नसेल असे घर विरळा. हिवाळ्याचे दिवस, ज्वारी दाण्यात आलेली. शेताच्या बांधावर एक जंगम आला. त्याने आपले नाव मल्लय्या सांगितले आणि भूक लागल्याचे म्हटले. मुलाने कणसे भाजून त्याला हुरडा दिला. हुरडा खाऊन पाहुण्याच्या पोटात आग पडली आणि त्याने दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला. आयुष्यात कधी फारसे न बोललेल्या त्या मुलाने आईकडे दहीभात मागितला, ते ऐकून माउली हरखून गेली. पण तो परत येतो तो शेतात कोणीच नाही. मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारत मुलगा रानोमाळ भटकू लागला. वाटेत श्रीशैलला निघालेले यात्रेकरू भेटले. मल्लय्याला भेटायचे तर आमच्याबरोबर चल, असे म्हणून त्यांनी त्याला सोबत घेतले. श्रीशैलच्या मंदिरात त्यांनी मल्लिकार्जुनाच्या लिंगाकडे बोट दाखवले. मुलाचे समाधान झाले नाही. त्याला हुरडा खाणारा मल्लय्या हवा होता. तो डोंगरकड्यावर गेला, हाका मारून थकला आणि शेवटी दरीत झेप घेण्याच्या बेतात असताना मल्लिकार्जुनाने प्रकट होऊन त्याला सावरले, अशी ही कथा आहे.

कथेचा खरा मर्मबिंदू मात्र दरीच्या काठावर नाही, त्यानंतर आहे. ज्या देवासाठी मुलगा घर सोडून शेकडो कोस चालत आला, त्या देवाने त्याला श्रीशैलला ठेवून घेतले नाही. सोन्नलिगेला परत जा आणि तेथेच श्रीशैल उभे कर, अशी आज्ञा त्याला झाली. तीर्थक्षेत्री जाऊन तेथेच राहिलेले संत पुष्कळ. तीर्थ आपल्या गावी घेऊन आलेला हा संत वेगळा. देव भेटण्यासाठी ज्या गरिबाला घाट उतरून श्रीशैलला जाणे परवडत नव्हते, त्याच्या दारी ते क्षेत्र आणणे, हे काम त्यांनी आपले मानले.

परतलेल्या सिद्धरामांकडे ना पैसा होता ना जमीन. क्षेत्र उभारायचे तर दोन्ही हवे. येथे परंपरा चामलादेवी या राणीचे नाव घेते. तिने या तरुण योग्यावर श्रद्धा ठेवून भूमी दिली, राजसत्तेचे पाठबळ दिले. दानाचा हा व्यवहार त्या काळाला नवा नव्हता. चालुक्य-कलचुरी काळातले शिलालेख देवळांना आणि मठांना दिलेल्या जमिनींच्या नोंदींनी भरलेले आहेत. नवे होते ते त्या जमिनीवर जे घडले ते. दानाच्या जमिनीच्या उत्पन्नावर एखादा मठ सुखाने चालवता आला असता. सिद्धरामांनी त्या भूमीचा आराखडा मांडला. पाच कोसांच्या परिघात त्यांनी अडुसष्ट शिवलिंगे स्थापली. अष्टविनायक आणि अष्टभैरव यांचीही स्थाने ठरवली. देशभरात विखुरलेली अडुसष्ट तीर्थे एका पंचक्रोशीत आली.

या अडुसष्ट लिंगांकडे केवळ श्रद्धेच्या नजरेने पाहण्याची सवय झाल्याने त्यातली रचना सुटते. गावाच्या आठही दिशांना, वेशीवर, शेतात, पाण्याच्या काठी एकेक स्थान निश्चित झाले, की तेथपर्यंत पायवाट होते, सावलीसाठी झाड लागते, पाण्याची सोय होते, आणि वर्षातून एकदा तरी साऱ्या गावाला ती वाट चालावी लागते. वाटेवर अतिक्रमण झाले तर ते लगेच दिसते. आजच्या भाषेत सांगायचे तर मोकळ्या जागांचे आरक्षण आणि त्यांची वार्षिक पाहणी, दोन्ही धर्माच्या आधाराने पक्के झाले. आज यातली अनेक लिंगे घरांच्या ओळींत, बोळांच्या टोकाला सापडतात, तरी यात्रेत नंदीध्वजांची प्रदक्षिणा आणि लिंगांना होणारा तैलाभिषेक यांमुळे त्यांचा माग हरवलेला नाही.

पण सिद्धरामांचे सर्वांत मोठे काम म्हणजे तलाव. सोलापूरचा प्रदेश पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. दोन पावसांत महिना-महिना खंड पडणे ही येथली रीत. काळी माती भेगाळते, तिच्या खालचा मुरूम पाणी वाहून नेतो आणि त्याखाली काळा कातळ लागतो. अशा भूमीत पाणी अडवले आणि मुरमात मुरू दिले तर भोवतालच्या विहिरी जिवंत राहतात; नाही अडवले तर चार दिवसांत ते ओढ्यानाल्यांतून सीना-भीमेला मिळते. हे ज्ञान शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकातून मिळवावे लागले नसणार. ज्याच्या बालपणात ज्वारीचे शेत आणि गुरे होती, त्याला पाण्याची वाट कोठून जाते हे ठाऊक होते.

तलाव खोदण्यासाठी हजारो हात लागले. परंपरा त्यांना भक्तगण म्हणते, शरण म्हणते. त्यांत शेतकरी होते, दगड फोडणारे होते, माती वाहणारे होते. खणलेली माती पाट्यांतून काठावर येत होती आणि काठावर बांध चढत होता. या कामात वेठबिगारी नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे. राजे-सरदार तलाव बांधत तेव्हा वेठ धरण्याची पद्धत सर्रास होती. येथे श्रम हाच भक्तीचा मार्ग मानला गेला. कल्याणमध्ये बसवण्णा आणि त्यांचे सहकारी ज्याला कायक म्हणत होते, म्हणजे कष्ट हीच पूजा, त्याचे एक मोठे उघड्यावरचे रूप सोन्नलिगेत आकाराला येत होते. आणि कायकाला जोडून येतो तो दासोह, म्हणजे मिळवलेले सर्वांबरोबर वाटून खाणे. भूमी राजसत्तेची, श्रम लोकांचे, अन्न सर्वांचे, आणि तयार झालेले पाणी कोणा एकाच्या मालकीचे नाही, अशी ती मांडणी होती.

तलावापाशी हे काम थांबले नाही. विहिरी, पाणपोया, अन्नछत्र, वाटसरूंसाठी निवारा अशी कामांची मालिका सिद्धरामांच्या नावावर आहे. गरिबांच्या लेकीबाळींची लग्ने एकाच मांडवात लावून देण्याची प्रथाही त्यांनी सुरू केल्याचे सांगितले जाते. सामुदायिक विवाहांचे कौतुक करणाऱ्यांना त्याचे मूळ सोलापूरच्या मातीत आठशे वर्षांपूर्वीचे असल्याचे बहुधा ठाऊक नसते. त्यांच्या एका वचनात तलाव, विहीर, फुलबाग, चौक आणि छत्र यांची नावे एका ओळीत येतात. फुलबाग या यादीत असावी, ही गोष्ट सुखावून जाते. पाणी आणि निवारा या गरजा झाल्या. फुलबाग ही गरज नव्हे, ती गावाच्या मनाची हौस. त्या हौसेलाही सार्वजनिक कामात जागा होती.

मात्र त्याच वचनाचा रोख या कामांच्या कौतुकाकडे नाही. हे सारे बांधले म्हणजे बांधणारा भक्त झाला, असे मानायला ते वचन नकार देते. ज्याने आयुष्य बांधकामात घालवले त्यानेच असे म्हणावे, यामागे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग आहे.

तो प्रसंग अल्लमप्रभूंच्या भेटीचा. अल्लमप्रभू हे शरणांमधले सर्वांत प्रखर, कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारे. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात ही भेट विस्ताराने आली आहे. तलावाचे काम जोरात चालले होते, घण पडत होते, पाट्या हलत होत्या. अशा वेळी एक अनोळखी साधू तेथे आला आणि त्याने सिद्धरामांचा उल्लेख वड्ड राम असा केला. वड्ड म्हणजे दगडमाती खणणारा, पाथरवट. गुरूचा असा पाणउतारा ऐकून कामावरची माणसे खवळली. त्यांनी साधूवर दगड भिरकावले. दगड त्याला न लागता भोवती रास होऊन पडले, असे ग्रंथ सांगतो. वर्दी मिळताच सिद्धराम स्वतः धावत आले. तेही संतापले होते.

अल्लमप्रभूंनी त्यांना जे विचारले त्याचा आशय असा, की ज्याने अहंकार सोडला त्याच्या मनात एका शब्दाने एवढा वणवा कसा पेटतो? हा तलाव लोकांसाठी आहे की बांधणाऱ्याच्या नावासाठी? देवासाठी दगड रचता रचता दगडच देव होऊन बसला नाही ना? पाणी अडवणाऱ्याने स्वतःला कोठे अडवले आहे, हे त्याला दिसते आहे का?

सार्वजनिक काम करणाऱ्या कोणालाही हे प्रश्न सोसणे कठीण. दिवसरात्र राबलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी परका येऊन त्याच्या हेतूवर बोट ठेवतो, तेव्हा त्याला हाकलून देणे सोपे असते. सिद्धरामांपाशी त्या दिवशी हजारो माणसे होती, राजघराण्याचा पाठिंबा होता, आणि समोर एकटा फकीर होता. त्यांनी माणसांना मागे घेतले आणि त्या एकट्याचे ऐकले. त्यांच्या चरित्रातले चमत्कार बाजूला ठेवले तरी हा एवढा प्रसंग त्यांचे मोठेपण सिद्ध करायला पुरेसा आहे. अल्लमप्रभूंबरोबर ते कल्याणला गेले.

कल्याणला अनुभवमंटपात तेव्हा वेगळाच मेळा जमला होता. मंत्री बसवण्णा, त्यांचे भाचे चन्नबसवण्णा, अक्कमहादेवी, चांभार, नावाडी, दोर वळणारे, लाकूड विकणारे अशा नाना व्यवसायांची माणसे एका पंक्तीत बसून अध्यात्माची चर्चा करत होती. सिद्धरामांपुढे प्रश्न आला इष्टलिंगाच्या दीक्षेचा. ते स्थावर लिंगांचे स्थापक होते, देवळे बांधणारे होते; शरणांचा भर हातावर धारण केलेल्या लिंगावर होता. शून्यसंपादनेनुसार यावर बराच वाद झाला आणि अखेर चन्नबसवण्णांनी त्यांना दीक्षा दिली. चन्नबसवण्णा वयाने लहान होते. गावोगाव ज्याचे नाव झाले आहे अशा योग्याने एका तरुणापुढे शिष्य म्हणून बसणे, हेही सोपे नव्हते. पुढे अल्लमप्रभू आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर शून्यपीठाची धुरा सिद्धरामांकडे आली, असे परंपरा मानते.

कल्याणचे दिवस फार टिकले नाहीत. हरळय्या या चांभार शरणाचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचे लग्न लागले आणि सनातनी खवळले. बिज्जलाने दोघांच्या वडिलांना देहदंड दिला. ११६७-६८ च्या सुमाराला कल्याणात रक्तपात झाला, बिज्जल मारला गेला, शरण दशदिशांना पांगले. सिद्धराम आपल्या गावी, आपल्या तलावाकाठी परतले.

परतलेल्या सिद्धरामांनी तलाव सोडून दिला नाही, तो बुजवला नाही, की पूर्वीचे काम निरर्थक ठरवले नाही. अल्लमप्रभूंच्या प्रश्नाने काम थांबले नाही. कामाला चिकटलेले मीपण गळून पडले. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या मुद्रेने लिहिलेली त्यांची तेराशेहून अधिक वचने आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत स्वतःला तपासणारा, स्वतःच्या कर्तृत्वाकडे संशयाने पाहणारा एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. महाराष्ट्रात ती कन्नडमध्ये असल्याने दुर्लक्षित राहिली. घरी कन्नड बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या हजारो सोलापूरकरांनी मनावर घेतले तर ही उणीव भरून निघेल. त्यांच्यानंतर फार काळ लोटला नाही तोच राघवांक या कन्नड कवीने षट्पदी छंदात सिद्धराम चारित्र रचले. त्या काव्यामुळे सोन्नलिगेच्या या योग्याचे आयुष्य लोकांच्या ओठी टिकले.

गड्ड्याच्या यात्रेचे मूळही त्यांच्या आयुष्यातल्या एका कथेत आहे. एक कुंभारकन्या रोज त्यांच्या साधनेच्या जागी सडा-रांगोळी करत असे. तिने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली. विरक्त सिद्धरामांनी नकार दिला, पण तिच्या भक्तीचा अव्हेरही केला नाही. आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती त्यांनी तिला दिली. भोगीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा, दुसऱ्या दिवशी होम प्रदीपन, मग शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, असा तो विवाहविधी दरवर्षी पार पडतो. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत. कोणा एका घराण्याला, एका जातीला सारा मान मिळालेला नाही. ही वाटणी कधी, कोणी केली हे ठरवणे अवघड आहे, परंतु तलाव खोदताना वाटून घेतलेल्या कष्टांशी तिचे नाते जुळते.

सिद्धरामांनी समाधी घेतली तीही तलावातल्या मंदिराच्या आवारातच. पुढच्या शतकांत राज्ये बदलली. यादव गेले, बहमनी आले, तलावाला लागून भुईकोट किल्ला उभा राहिला. किल्ल्याच्या आवारात जुन्या मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत. आदिलशाही, निजामशाही, मोगल, मराठे, इंग्रज अशी निशाणे त्या तटावर चढली आणि उतरली. तलाव मात्र ज्याचे राज्य त्याच्या प्रजेला पाणी देत राहिला. इंग्रजी अमदानीत एकरुखचा मोठा जलाशय बांधला गेला तेव्हा कोठे शहराच्या तहानेचा भार हलका झाला. सोलापूरला नगरपालिका आली १८५२ साली आणि महापालिका १९६४ साली. म्हणजे कोणतेही पालिका कार्यालय नसताना सात शतके हा तलाव कोणीतरी सांभाळला. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. दरवर्षी अक्षता पडायच्या तर तलावाचा काठ झाडून, सारवून तयार करावा लागतो, एवढी एक व्यवस्था त्यासाठी पुरेशी ठरली असावी.

आज ती पुरत नाही. निर्माल्य, गाळ, जलपर्णी, भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी यांनी तलाव अनेकदा आजारी पडला. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली आणि सिद्धेश्वर तलावाचा परिसर पुनरुज्जीवनाच्या कामांत आला. या परिसराचे कारभारी अनेक आहेत. देवस्थानची पंच कमिटी आहे, महापालिका आहे, शेजारचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. त्यात उद्याने आणि स्मारके खासगी भागीदारीतून सावरण्याची कल्पना देशभर रूढ होत गेली. तिला सरसकट नाक मुरडण्याचे कारण नाही. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मोडकळीस आले होते. २००३ साली मुंबई महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक यांनी करार केला, मालकी पालिकेकडेच राहिली, आणि २००८ साली ते देखणे होऊन पुन्हा उघडले. पैसा खासगी असला तरी वास्तू लोकांची राहू शकते, याचे ते चांगले उदाहरण. पण बागेच्या काठावर चार उपाहारगृहे, प्रवेशाला तिकीट आणि कमानीवर देणगीदाराचे नाव, एवढ्यालाच पुनरुज्जीवन म्हणणारे करारही अनेक शहरांनी पाहिले आहेत. अशा प्रत्येक करारावर सही होण्यापूर्वी अल्लमप्रभूंनी तलावाच्या काठावर विचारलेला तो अवघड प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. सिद्धरामांच्या व्यवहारातही राजसत्ता होती, दाते होते. भूमी देणाऱ्या राणीने तलावावर हक्क सांगितल्याची कथा मात्र परंपरेत कोठेही नाही.

वड्ड या हिणवणीचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. कर्नाटकात दगड फोडणारा, विहिरी आणि तळी खणणारा वड्डर समाज, जो भोवी या नावानेही ओळखला जातो, सिद्धरामेश्वरांना आपले कुलगुरू मानतो. चित्रदुर्गला त्यांच्या नावाचे या समाजाचे गुरुपीठ आहे. अल्लमप्रभूंनी ज्या शब्दाने त्यांना डिवचले, तोच शब्द धरून पिढ्यान्‌पिढ्या घण चालवणाऱ्या माणसांनी त्यांच्यावर हक्क सांगितला. जानेवारीत सोलापुरात सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, त्याच सुमारास सीमेपलीकडच्या गावांतून हे पाथरवट सिद्धरामांची जयंती साजरी करतात.